वाशिमच्या सोयाबीनला नेपाळचं तेल का नडतं? उत्तर शोधताना सी. डी. देशमुखांपर्यंत जावं लागतं

वाशिम, रिसोड, कारंजा किंवा मंगरुळपीरच्या बाजार समितीत सोयाबीन घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला विचारा, भाव का पडला? पाऊस, ओलावा, व्यापारी या नेहमीच्या उत्तरांसोबत आता आणखी एक उत्तर येतं. बाहेरून तेल आलंय.

हे बाहेर म्हणजे कुठे? मलेशिया, इंडोनेशिया, अर्जेंटिना, ब्राझील ही नावं आपल्याला माहिती आहेत. पण गेल्या काही वर्षांत या यादीत नेपाळसुद्धा आलाय. आता तुम्ही म्हणाल, नेपाळमध्ये एवढं सोयाबीन पिकतं कुठे? तर नाहीच पिकत. तिथे कच्चं तेल परदेशातून येतं, त्यावर प्रक्रिया होते आणि ते भारतात येतं. दक्षिण आशियातल्या देशांनी आपसातले कर कमी करण्यासाठी साफ्टा नावाचा करार केलाय, त्यामुळे या तेलाला आयात शुल्क लागत नाही. थेट भारतात येणाऱ्या तेलाला मात्र शुल्क लागतं.

शेजारच्या गरीब देशांनी एकमेकांसाठी दारं उघडली की सगळ्यांचं भलं होतं, ही कल्पना ऐकायला छान आहे. पण त्यात फायदा कुणाचा आणि किंमत कोण मोजतो?

हा प्रश्न आजचा नाही. एका मराठी माणसाने जवळपास आयुष्यभर तो वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसून हाताळला. वऱ्हाडचा कापूस, दोन देशांची एक बँक, जगाची नाणेनिधी आणि शेवटी मुंबई. त्या माणसाचं नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख, म्हणजेच रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख.

रायगडच्या पायथ्यापासून केंब्रिजपर्यंत

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावातला. वडील द्वारकानाथ वकील, आई भागीरथीबाई धार्मिक वृत्तीच्या. बालपण रोह्यात गेलं. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली.

पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्र शिकलं असेल असं वाटेल. पण त्यांचे विषय होते वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. वनस्पतिशास्त्रातलं बक्षीसही त्यांना मिळालं. १९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आयसीएसच्या परीक्षेत ते पहिले आले.

नोकरी मिळाली ती मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. आजचा वाशिम जिल्हा ज्या प्रांतात होता, तोच हा प्रांत.

वाशिमचा मालक नेमका कोण?

त्या काळात वाशिम हा वेगळा जिल्हा नव्हता. इंग्रजांच्या कागदपत्रांत बासीम नावाचा जिल्हा होता, तो १९०५ साली मोडून अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत वाटला गेला. आजचा वाशिम जिल्हा झाला तो थेट १ जुलै १९९८ ला.

पण गंमत पुढेच आहे. वऱ्हाड कागदावर हैदराबादच्या निजामाचं होतं. १८५३ साली निजामाने ते इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १९०२ साली लॉर्ड कर्झनने ते कायमच्या भाडेपट्ट्यावर घेतलं, भाडं वर्षाला २५ लाख रुपये. त्यानंतर १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं. म्हणजे मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा आणि सचिवालय नागपूरला. १९३६ साली नवा करार झाला तेव्हा निजामाच्या वारसाला प्रिन्स ऑफ बेरार अशी पदवीसुद्धा मिळाली.

दोन प्रदेश जोडले, पण दोघांची परिस्थिती सारखी नव्हती. वऱ्हाडात काळी जमीन, कापूस आणि त्यामुळे महसूल. मध्य प्रांताचा बराचसा भाग जंगलाचा आणि कमी उत्पन्नाचा. साहजिकच वऱ्हाडातल्या पुढाऱ्यांची तक्रार अशी की पैसा आमचा जातो आणि खर्च दुसरीकडे होतो. मध्य प्रांताचं म्हणणं असं की प्रांत एक आहे तर तिजोरीही एकच असायला हवी.

देशमुखांनी या प्रांतात जवळपास दोन दशकं काढली. महसूल सचिव आणि अर्थ सचिव ही दोन्ही पदं त्यांना तुलनेने तरुण वयात मिळाली. म्हणजे एकत्र आलेल्या असमान प्रदेशांचा हिशेब कसा लावायचा, याचं प्रशिक्षण त्यांना नागपूरच्या फायलींमध्येच मिळालं.

१९३५ च्या कायद्यानंतर केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटायचा हे ठरवायला सर ऑटो निमायर भारतात आले. त्यांच्यापुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारची बाजू मांडणारं टिपण देशमुखांनी तयार केलं होतं. त्या टिपणाचं बरंच कौतुक झालं.

कापूस वऱ्हाडचा, बाजार हजारो मैल लांबचा

याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती. वऱ्हाडात रेल्वे आली ती मुख्यतः कापसासाठी. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी नॅरोगेज, म्हणजे आपली शकुंतला, तीही त्याचसाठी. कापूस शेतातून जिनिंगला, तिथून रेल्वेने मुंबईला आणि मुंबईहून जहाजाने परदेशी.

वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस इंग्लंडपेक्षा जपानला जास्त लागायचा. १९३२ साली ओटावाला ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांनी एकमेकांना करसवलती द्यायचं ठरवलं. पुढे भारतात जपानी कापडावर जबर कर बसला. चिडलेल्या जपानी गिरण्यांनी १९३३ मध्ये भारतीय कापसावर बहिष्कार घातला. मंदीने भाव आधीच पडले होते, त्यात हा फटका. १९३४ मध्ये तडजोड झाली. जपानने ठरावीक कापूस घ्यायचा आणि त्या बदल्यात ठरावीक कापड भारतात विकायचं.

जपानी कापडावर लावलेल्या कराची किंमत वऱ्हाडच्या शेतकऱ्याने मोजली. व्यापारी गट तयार होतो तेव्हा गटात बसलेल्यांपेक्षा गटाबाहेरच्या गिऱ्हाइकावर जगणाऱ्याला जास्त त्रास होऊ शकतो, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकात ठळकपणे यायला अजून बराच वेळ होता.

रिझर्व्ह बँक आणि रंगूनचा तांदूळ

जुलै १९३९ मध्ये देशमुख सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यातला दुवा म्हणून बँकेत आले. तीन महिन्यांत बँकेच्या मध्यवर्ती मंडळाचे सचिव झाले, १९४१ च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर. आणि ११ ऑगस्ट १९४३ ला गव्हर्नर. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय.

त्या वेळची रिझर्व्ह बँक फक्त भारताची नव्हती. ब्रह्मदेश १९३७ साली भारतापासून वेगळा झाला तरी त्याची मध्यवर्ती बँक रिझर्व्ह बँकच होती. ही व्यवस्था, जपानी ताब्याची वर्षं सोडली तर, १९४७ पर्यंत चालली. कुवेत, बहरीन, कतार, दुबई, ओमान या आखाती भागातही भारतीय रुपया चालायचा. आज युरोच्या गोष्टी आपण कौतुकाने ऐकतो, पण त्याच्या कितीतरी आधी आखातापासून ब्रह्मदेशापर्यंत एकच रुपया फिरत होता.

फरक एवढाच की ही एकी कुणी वाटाघाटी करून आणलेली नव्हती. ती साम्राज्याने लादलेली होती.

तिचा धोका काय असतो ते १९४२ ला दिसलं. जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळामागे युद्धकाळातली महागाई, सरकारी हलगर्जी अशी अनेक कारणं होती, त्यातलं हे एक. शेजाऱ्यावर अवलंबून राहणं स्वस्त पडतं, पण दार अचानक बंद झालं तर काय, हा प्रश्न त्या पिढीच्या मनात कायमचा बसला. देशमुख गव्हर्नर झाले ते नेमके याच वर्षी.

ब्रेटन वूड्स: गरीब देशांची गोष्ट कोण बोलणार?

जुलै १९४४. युद्ध अजून संपलेलं नव्हतं. अमेरिकेतल्या ब्रेटन वूड्सला ४४ देशांचे प्रतिनिधी जमले. युद्धानंतरच्या जगाची पैशाची व्यवस्था ठरवायची होती. यातूनच आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक जन्माला आली.

भारत स्वतंत्र नव्हता, तरी त्याचं शिष्टमंडळ होतं. प्रमुख होते सर जेरेमी रेझमन. सोबत सर थिओडोर ग्रेगरी, देशमुख, ए. डी. श्रॉफ आणि आर. के. षण्मुखम चेट्टी.

या शिष्टमंडळाने काय मागितलं?

पहिली गोष्ट, नव्या संस्थांच्या उद्दिष्टांत मागास देशांच्या साधनसंपत्तीचा विकास हा मुद्दा स्पष्टपणे यावा. बड्या देशांचं लक्ष विनिमय दर आणि युरोपच्या उभारणीवर होतं. भारताची मागणी जशीच्या तशी मान्य झाली नाही, पण सर्व सदस्य देशांच्या उत्पादक साधनांचा विकास असे शब्द नाणेनिधीच्या उद्दिष्टांत आले.

दुसरी गोष्ट, स्टर्लिंग शिल्लक. युद्धात ब्रिटनने भारताकडून माल आणि सेवा घेतल्या, पण पैसे लंडनमध्ये जमा दाखवले. युद्ध संपेपर्यंत ही रक्कम सुमारे १७०० कोटी रुपयांवर गेली. ज्या भारतावर ब्रिटनचं कर्ज असायचं तोच आता ब्रिटनचा सावकार झाला होता. हा पैसा डॉलरमध्ये वापरता यावा यासाठी भारताने निधीकडे व्यवस्था मागितली. ब्रिटनच्या बाजूने केन्स होते. हा आमचा आणि भारताचा आपसातला मामला आहे, प्रामाणिकपणे मिटवू, अशी त्यांची भूमिका. मागणी फेटाळली गेली.

तिसरी गोष्ट, जागा. भारताचा कोटा ४० कोटी डॉलर ठरला. अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत रशिया, चीन आणि फ्रान्स यांच्यानंतर सहावा. पहिल्या पाच देशांना कार्यकारी मंडळावर कायम जागा होती. पुढे रशिया सामील झालाच नाही आणि ती पाचवी जागा भारताला मिळाली.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गरीब देशांचा वेगळा गट अजून तयार झालेला नव्हता. आशिया आणि आफ्रिकेतले बहुतेक देश गुलामीत होते. पण श्रीमंत देशांचे नियम सगळ्यांना सारखे लागू पडत नाहीत, हा पुढच्या काळातला मुख्य मुद्दा इथेच मांडला गेला. देशमुख पुढे दहा वर्षं या दोन्ही संस्थांच्या गव्हर्नर मंडळावर होते आणि १९५० साली पॅरिसला झालेल्या त्यांच्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षही झाले.

दोन देश, एक बँक, एक गव्हर्नर

१५ ऑगस्ट १९४७. देश दोन झाले, पण बँक एकच राहिली. भारत आणि पाकिस्तान, दोघांचीही मध्यवर्ती बँक रिझर्व्ह बँक. गव्हर्नर देशमुख.

ठरलं असं होतं की सप्टेंबर १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक पाकिस्तानचं काम बघेल. पाकिस्तानसाठीच्या नोटा आपल्या नाशिकच्या छापखान्यात तयार झाल्या. भारतीय नोटांवरच इंग्रजी आणि उर्दूत पाकिस्तान सरकार असं छापलं गेलं.

पण विश्वासच उरला नव्हता. अविभाजित भारताच्या रोख शिलकीतून पाकिस्तानला ७५ कोटी द्यायचे होते. २० कोटी दिले गेले, ५५ कोटी काश्मीरच्या युद्धामुळे रोखले गेले. बँक दोघांची, सरकारं मात्र भांडणारी. पाकिस्तानचा आरोप की बँक भारताच्या दबावाखाली आहे. शेवटी गांधीजींच्या उपोषणादरम्यान, जानेवारी १९४८ मध्ये भारत सरकारने पैसे देण्याचा निर्णय घेतला. ठरलेल्या मुदतीच्या तीन महिने आधीच ही व्यवस्था गुंडाळण्यात आली आणि १ जुलै १९४८ ला स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली.

मालाचंही तेच झालं. ताग पूर्व बंगालच्या शेतात आणि त्याच्या गिरण्या कोलकात्याला. चांगला कापूस सिंध आणि पश्चिम पंजाबात, गिरण्या मुंबई आणि अहमदाबादला. मार्च १९४८ पासून दोन्ही देशांनी एकमेकांना जकातीसाठी परके मानायला सुरुवात केली. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनपाठोपाठ भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्तानने केलं नाही. त्यावरून व्यापार जवळपास ठप्प झाला.

हा गुंता सुटला तेव्हा देशमुख भारताचे अर्थमंत्री होते. फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने पाकिस्तानी रुपयाचा दर मान्य केला आणि व्यापार करार झाला. तोपर्यंत दोन्हीकडे स्वतःची सोय सुरू झाली होती. भारताने तागाची लागवड वाढवली, पाकिस्तानने गिरण्या उभारायला घेतल्या. जो माल शेजारी तयार होता तोच दोघांनी घरी पिकवायचा आणि बनवायचा ठरवला.

अर्थमंत्री देशमुख आणि बदललेला विचार

नियोजन आयोगाचे सदस्य आणि १९५० च्या मध्यापासून अर्थमंत्री म्हणून देशमुखांनी पहिली पंचवार्षिक योजना राबवली, दुसरीच्या तयारीत भाग घेतला. इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती १९५५ ला. आयुर्विमा सरकारकडे आला १९५६ ला. दोन्ही निर्णय त्यांच्याच काळातले.

याच वर्षांत जगात गरीब देशांच्या एकत्र येण्याबद्दलचे विचार आकार घेत होते.

१९५० साली जेकब व्हायनर या अर्थतज्ज्ञाने सांगितलं की व्यापारी गटाने दोन गोष्टी होऊ शकतात. घरातला महाग माल जाऊन शेजाऱ्याचा स्वस्त माल आला तर फायदा. पण बाहेरचा स्वस्त माल सोडून, केवळ कर नाही म्हणून शेजाऱ्याचा महाग माल घेतला तर तोटा.

त्याच सुमारास अर्जेंटिनाचे राऊल प्रेबिश वेगळं सांगत होते. कच्चा माल विकून गरीब देश वर येणार नाहीत, त्यांना कारखाने हवेत. एकट्या छोट्या देशाला कारखाना परवडत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी मिळून मोठी बाजारपेठ करावी. १९६० मध्ये लॅटिन अमेरिकेत मुक्त व्यापार संघ झाला तो याच विचारातून.

भारताला मात्र ती गरज तेवढी जाणवली नाही. घरातच एवढी मोठी बाजारपेठ होती. दुसऱ्या योजनेने देशांतर्गत जड उद्योगांवर भर दिला. १९५० च्या कोलंबो योजनेत भारत होता, १९५५ च्या बांडुंग परिषदेतही होता. पण मदत, प्रशिक्षण आणि राजकारण यापलीकडे शेजाऱ्यांशी व्यापार हा विषय मागेच राहिला. देशमुख या निर्णयांच्या आतले माणूस होते, त्यामुळे या कोंडीचं श्रेय आणि जबाबदारी दोन्हींत त्यांचा वाटा येतो.

राजीनामा आणि वाशिमचा नवा पत्ता

१९५६ च्या जानेवारीत केंद्राने मुंबई केंद्रशासित करायचं जाहीर केलं. मुंबईत आंदोलन पेटलं, गोळीबारात माणसं मेली. देशमुख कुलाबा मतदारसंघातून निवडून आलेले खासदार. मुंबईबद्दलचा निर्णय ज्या पद्धतीने झाला ती पद्धत आणि गोळीबाराच्या चौकशीला दिलेला नकार त्यांना पटला नाही. जुलै १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं.

नीट बघितलं तर हाही जोडायचं कसं याचाच प्रश्न होता. ज्यांना जोडायचं किंवा तोडायचं त्यांना विचारणार की नाही?

त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. वाशिमचा पत्ता पुन्हा बदलला. विदर्भाचा पैसा कुठे जातो ही तक्रार मात्र तशीच राहिली. फक्त नागपूरच्या जागी मुंबई आली.

पुढे देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९५९ साली मॅगसेसे पुरस्कार, १९७५ मध्ये पद्मविभूषण. कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं. १९५३ साली दुर्गाबाईंशी त्यांचा दुसरा विवाह झाला होता. २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादमध्ये त्यांचं निधन झालं.

मग साफ्टा कुठून आला?

देशमुख गेले त्यानंतर तीन वर्षांनी, १९८५ मध्ये सार्क स्थापन झाली. आखातातला रुपया तोवर इतिहासजमा झाला होता. १९६६ च्या अवमूल्यनानंतर उरलेल्या देशांनीही आपापली चलनं आणली. आफ्रिकेत केनिया, युगांडा आणि टांझानियाचा संघ १९७७ मध्ये मोडला, कारण फायद्याचा मोठा वाटा केनियाला जातो अशी बाकीच्या दोघांची भावना होती. वऱ्हाड आणि मध्य प्रांताची आठवण येते ना?

नव्वदच्या दशकात विचार पुन्हा बदलला. शेजाऱ्यांसोबत मिळून बाहेरच्यांना रोखण्यापेक्षा सगळ्यांसाठी दारं उघडायची आणि शेजाऱ्यांसाठी जरा जास्त, असा सूर आला. साफ्टावर २००४ मध्ये सह्या झाल्या आणि २००६ पासून तो लागू झाला. तरीही दक्षिण आशियातल्या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास घुटमळतो.

आणि या थोड्या व्यापारातही पळवाट निघते. म्हणून अशा करारांत माल मुळात कुठला, याचे नियम असतात. नेपाळमध्ये ठरावीक मूल्यवर्धन झालं तरच तो माल नेपाळचा. तेलाच्या बाबतीत वाद आहे तो याच नियमाभोवती.

दुसरी बाजूही आहे. नेपाळला रोजगार हवा, तो भूवेष्टित आहे, सवलत त्याच्यासारख्या देशासाठीच ठेवली होती. शहरातल्या गिऱ्हाइकाला तेल स्वस्त हवं. या दोघांची गरज खोटी नाही. पण रिसोडच्या शेतकऱ्याने हंगामाला केलेला खर्च आणि त्याच्या हातात पडलेला भाव हाही त्याच हिशेबाचा भाग आहे. करार करताना ती ओळ कुणी लिहिली नाही तर ती रक्कम शेतकऱ्याच्या नावावरच पडते. १९३३ ला कापसाच्या बाबतीत पडली होती, तशीच.